धोकादायक विषाणूंवर काम करायचंय? मग आधी हात बसू द्या

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी विषाणू दाखवत नाही. एक पिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं साधन, वाटीभर डिस्टिल्ड वॉटर आणि एक नाजूक वजनकाटा देते. शंभर मायक्रोलिटर पाणी उचलायचं, काट्यावरच्या छोट्या कुपीत सोडायचं, वजन वहीत लिहायचं. इतक्या पाण्याचं वजन जवळपास शंभर मिलिग्रॅम भरतं, त्यामुळे हाताची चूक लगेच आकड्यात उतरते. पहिल्या दिवशी कुणाचे ९३ येतात, कुणाचे १०८. दहाच्या दहा वेळा ९९ ते १०१ च्या आत यायला लागले की मग आम्ही पुढचं बोलतो.

काहीजण हिरमुसतात. निपाह, इबोला, क्रायमिन-काँगो ताप अशी नावं डोक्यात घेऊन ती आलेली असतात, आणि इथे पाणी मोजायला लावतात. पण या क्षेत्रात इतकी वर्षं घालवल्यावर मला ठामपणे वाटतं की इथे धाडसी माणूस लागत नाही, हात बसलेला माणूस लागतो. पुढे जे लिहिलंय ते हात कसा बसवायचा आणि तो बसेपर्यंत शिक्षण, परीक्षा, नोकरी यांचं गणित कसं जमवायचं, याबद्दल आहे.

पहिली पायरी: काम नेमकं काय असतं ते पाहून घ्या

पुण्यातली राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती उभी केली. १९७८ मध्ये आजचं नाव मिळालं आणि त्याच काळात डॉ. खोर्शेद पावरी संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. पाषाणच्या आवारातली बीएसएल-४ प्रयोगशाळा २०१२ ची. निपाहसारखा विषाणू जिवंत स्थितीत हाताळायचा तर देशात जाण्याची ती मुख्य जागा आहे.

हे 'बीएसएल' प्रकरण आधी समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावर बेतलेलं आहे. बीएसएल म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल, जैवसुरक्षेचा स्तर, आणि असे चार स्तर असतात. पहिल्या स्तरावर निरुपद्रवी जिवाणू, म्हणजे तुमची कॉलेजची प्रयोगशाळा. दुसऱ्यावर डेंग्यू, कावीळ, गोवर असे विषाणू. तिसऱ्यावर श्वासातून पसरू शकणारे आणि गंभीर आजार करणारे. तिथली खोली ऋण दाबाखाली असते, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरून आत येते, आतून बाहेर जात नाही, आणि बाहेर सोडायची हवा हेपा फिल्टरमधून गाळली जाते. करोनाचा विषाणू वाढवायचा तर ही खोली लागते. चौथ्या स्तरावर निपाह, इबोला, मारबर्ग, क्रायमिन-काँगो: मृत्यूचं प्रमाण मोठं आणि हमखास उपाय किंवा लस बहुधा हाताशी नाही.

देशातले बहुतेक विषाणूशास्त्रज्ञ आयुष्यभर दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तरावर काम करतात आणि त्यात कमीपणा काहीही नाही. डेंग्यू दर पावसाळ्यात आपल्या गल्लीत येतो. विषाणू वाढवायला जगभर वापरल्या जाणाऱ्या व्हेरो पेशी, म्हणजे १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशी, त्यांना वेळेवर खाऊ घालणं, ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड पाच टक्क्यांवर आहे ना ते बघणं, जांभळ्या रंगवलेल्या प्लेटवरची पांढरी भोकं, म्हणजे विषाणूने पेशी मारल्याच्या जागा, मोजणं, उणे ८० च्या फ्रीजरमधल्या कुप्यांची यादी जुळवणं, आणि लिहिणं, पुष्कळ लिहिणं. दिवस असा जातो. पेशींना रविवार कळत नाही. हे वाचून उत्साह मावळत असेल तर आत्ताच मावळलेला बरा. आणि जांभळ्या प्लेटवरची भोकं बघायची उत्सुकता वाटली असेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: कोणत्या दाराने आत यायचं

सगळ्यात गजबजलेलं दार बी.एस्सी.चं आहे: सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र, जीवरसायन यांपैकी काहीही चालतं. मग एम.एस्सी., मग पीएच.डी. एनआयव्हीमध्ये पुणे विद्यापीठाशी जोडलेला एम.एस्सी. विषाणूशास्त्राचा अभ्यासक्रम चालत आलेला आहे. तिरुपतीच्या श्री वेंकटेश्वर विद्यापीठात विषाणूशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. जागा मोजक्या असतात आणि प्रवेशाचे नियम बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करणार त्याच वर्षीची सूचना वाचा, सिनियरने सांगितलेल्यावर विसंबू नका. विषाणूशास्त्रातच एम.एस्सी. हवी असं मुळीच नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची चांगली एम.एस्सी. करून आलेले अनेकजण उत्तम विषाणूशास्त्रज्ञ झालेत.

दुसरं दार एमबीबीएस आणि त्यानंतर एम.डी. सूक्ष्मजीवशास्त्राचं. या वाटेने आलेल्या माणसाला रुग्ण दिसलेला असतो, आणि साथीच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो. २०१८ च्या मे महिन्यात केरळातल्या कोझिकोडमध्ये निपाह ओळखला गेला तो डॉक्टरांनी एकाच घरातल्या आजाऱ्यांची लक्षणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली म्हणून. मणिपालच्या प्रयोगशाळेत शंका बळावली आणि एनआयव्हीने शिक्कामोर्तब केलं.

तिसऱ्या दाराकडे आपली मुलं बघतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ते पशुवैद्यकाचं. नवे धोकादायक विषाणू बहुतेक प्राण्यांमधून माणसात येतात. भारतातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली, तेव्हा आधी कामाला लागले ते पशुवैद्य. तपासणी झाली भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत. बी.व्ही.एस्सी. करून पशु-सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. केलेल्याला जनावर धरता येतं, रक्त घेता येतं, शवविच्छेदन येतं. प्रयोगशाळेतच वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे शिकायला वर्षं लागतात. परळ, नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी अशा ठिकाणी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. शिवाय माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी नागपूरला २०२२ मध्ये झाली आहे.

चौथं दार संगणकाचं. विषाणूचा जनुकीय क्रम वाचणाऱ्या यंत्रातून ढिगाने माहिती बाहेर पडते आणि ती समजून घेणारी माणसं कमी आहेत. गणित-संख्याशास्त्राच्या मुलांनी हा विचार जरूर करावा.

तिसरी पायरी: कॉलेजात असताना

इंग्रजी शोधनिबंध वाचायची भीती आधी घालवा. मी तालुक्याच्या कॉलेजातून आले, बारावीपर्यंत मराठी माध्यम. पहिला निबंध वाचायला मला अकरा दिवस लागले होते. युक्ती साधी आहे: आधी आकृत्या बघायच्या, त्यांच्याखालचा मजकूर वाचायचा, मग 'पद्धती' आणि सगळ्यात शेवटी प्रस्तावना. आठवड्याला एक निबंध, आणि त्यावर मराठीत अर्धं पान. मराठीत लिहिता आलं तर समजलं, नाही तर नाही.

संख्याशास्त्र टाळू नका. 'आर' नावाची मोफत संगणकभाषा आहे, ती घरी बसून शिकता येते.

आणि हात. पिपेटचा सराव वर सांगितला. दुसरा सराव घरच्या स्वयंपाकघरात होतो. हातमोजे घाला, त्यांवर हळदीची पातळ पेस्ट चोळा आणि मग हाताला किंवा मनगटाला डाग न लागता मोजे काढून दाखवा. एका मोज्याची बाहेरची कडा चिमटीत धरून तो उलटा करत काढायचा, काढलेला मोजा दुसऱ्या मुठीत गोळा करून धरायचा, मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्या मोज्याच्या आतून घालून तोही उलटवायचा. मग साबणाने हात धुवा. साबण लागला की हळद लालसर होते, त्यामुळे न दिसलेला डागही चहाडी करतो. पहिल्या दहा वेळांत बहुतेकांच्या मनगटावर लाल पट्टा उमटतो. ती हळद नसून विषाणू असता तर, हा विचार त्या क्षणी आपोआप मनात येतो आणि मला तो कुणाला वेगळा सांगावा लागत नाही.

चौथी पायरी: परीक्षा आणि पैसा

पीएच.डी. करताना पगारवजा शिष्यवृत्ती मिळवायची तर ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, हे मुख्य साधन. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत 'लाइफ सायन्सेस' घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी ही परीक्षा वेगळी असते. आयसीएमआरच्या स्वतःच्या जेआरएफची जाहिरात निघते का तेही बघत राहा. गेट या परीक्षेचा गुणांकही अनेक ठिकाणी चालतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी सिनियर झाल्यावर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. पुण्यात एकट्याचं यात भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर ओढाताण होते. हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा.

नेट पहिल्या फटक्यात निघाली नाही तर घरी बसून नुसता अभ्यास करत राहू नका. आयसीएमआरच्या संस्थांत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' आणि 'प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट' अशी कंत्राटी पदं निघतात, मुलाखत बहुधा थेट असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये व्हीआरडीएल नावाच्या विषाणू निदान प्रयोगशाळांचं जाळं आहे, तिथेही जागा निघतात. एक वर्ष व्हीआरडीएलमध्ये डेंग्यूचे नमुने तपासलेला मुलगा पीएच.डी.च्या मुलाखतीला कोऱ्या पाटीने येत नाही. मात्र प्रकल्प संपला की नोकरी संपते, हे लक्षात ठेवून सही करा.

पाचवी पायरी: मार्गदर्शक निवडणं

विषय नंतर बदलता येतो, मार्गदर्शक बदलणं फार जड जातं. भेटायला जाल तेव्हा सरांशी किंवा मॅडमशी बोलणं झाल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर चहा घ्या आणि दोन गोष्टी विचारा. मागच्या विद्यार्थ्याची पीएच.डी. किती वर्षांत झाली? आणि कुणाकडून कुपी फुटली, सांडलं, तर इथे काय होतं? दुसऱ्या प्रश्नावर विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले तर दुसरी जागा शोधा. जिथे चूक सांगणाऱ्याला ओरडा बसतो तिथे चुका लपवल्या जातात, आणि विषाणूच्या प्रयोगशाळेत लपवलेल्या चुकीला ताप येतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, रात्री साडेनऊच्या सुमाराला, डेंग्यूच्या प्लेटमधून काचेची कव्हरस्लिप चिमट्याने काढताना ती तुटली आणि तुकडा दोन्ही मोज्यांमधून बोटात गेला. सकाळी आठपासून उभी होते. त्या क्षणी मला वेदनेपेक्षा लाज जास्त वाटली. जखम धुतली, रक्त वाहू दिलं, वर वरिष्ठ ताई होत्या त्यांना सांगितलं. त्यांनी एक शब्दही न बोलता नोंदवही काढली, वेळ लिहिली, डॉक्टरांना फोन केला. पुढचे चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. काही झालं नाही. आईला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि ती रोज रात्री फोनवर फक्त आकडा विचारायची. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर मी जिवंत विषाणूला हात लावत नाही, आणि माझ्याकडच्या कुणालाही लावू देत नाही. शिवाय जिथे प्लास्टिक चालतं तिथे काच वापरत नाही.

सहावी पायरी: पहिलं वर्ष, बीएसएल-२

कामाला लागण्याआधी तुमच्या रक्ताचा नमुना घेऊन गोठवून ठेवतात. पुढे कधी आजारी पडलात तर आधीची प्रतिपिंडं कोणती होती हे कळावं म्हणून. तसं होत नसेल तर स्वतः विचारा. कावीळ-बीची लस पूर्ण झालेली हवी. वटवाघळांशी किंवा इतर जनावरांशी संबंध येणार असेल तर रेबीजची लस आधीच घ्यायची.

बी.एस्सी.च्या सवयीतली एक गोष्ट इथे मोडावी लागते. कॉलेजात बर्नरच्या ज्योतीजवळ काम करायला शिकवतात. जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये बर्नर लावायचा नाही. तिथे तुमच्या आणि विषाणूच्या मधे फक्त हवेचा पडदा असतो, वरून खाली आणि पुढच्या जाळीतून आत वाहणारा. ज्योतीची गरम हवा तो पडदा फाडते. जोरात हात आत-बाहेर केला, पुढच्या जाळीवर वही ठेवली, मागून कुणी झपझप चालत गेलं, तरी तो फाटतो. म्हणून काम सुरू करण्याआधी लागणारं सगळं आत मांडून घ्यायचं, स्वच्छ वस्तू एका बाजूला, वापरलेल्या दुसऱ्या बाजूला, आणि हात हळू. आजी पुरणपोळी लाटताना बघितली असेल तर तुम्हाला मी काय म्हणते ते कळेल. तिची कुठलीही हालचाल फुकट जात नाही आणि पोळी फाटत नाही.

सांडलं तर? आधी बाजूच्याला सांगा. सांडलेल्यावर टिश्यू पेपर पसरा, वर ताजं केलेलं एक टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, कडेकडून आत ओता आणि अर्धा तास थांबा. 'ताजं' या शब्दावर जोर आहे. आठवड्यापूर्वीच्या बाटलीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. सत्तर टक्के अल्कोहोलवर सगळ्या बाबतीत भिस्त ठेवू नका. मेदाचं वेष्टण असलेले करोनासारखे विषाणू त्याने मरतात; वेष्टण नसलेले, पोलिओच्या कुळातले, सहज मरत नाहीत. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, १२१ अंशांवर चाललं याची कागदपट्टी दर वेळी वहीत चिकटवा.

सुईला टोपण परत घालायचं नाही, कधीही नाही. रशियातल्या एका प्रयोगशाळेत २००४ च्या मे महिन्यात इबोलाची बाधा असलेल्या गिनीपिगवर काम करताना एका शास्त्रज्ञ बाईंच्या हाताला सुई टोचली आणि त्या वारल्या. त्याच वर्षी बीजिंगमध्ये सार्सची लागण प्रयोगशाळेतून बाहेर गेली, कारण मेला असं समजून ज्या विषाणूवर साध्या खोलीत काम चाललं होतं तो नीट मेलेलाच नव्हता. लागण झालेल्या विद्यार्थिनीची आई त्यात गेली. त्यामुळे 'निष्क्रिय केलेला नमुना' अशी चिठ्ठी बघून समाधान मानू नका. कोणत्या पद्धतीने केला आणि केल्यावर पेशींवर टाकून तपासला का, हे विचारा.

सातवी पायरी: बीएसएल-३, आणि त्यातल्या थोड्यांसाठी बीएसएल-४

दुसऱ्या स्तरावर वर्ष-दोन वर्षं निर्धोक काम झालं की तिसऱ्या स्तराचं प्रशिक्षण मिळतं. आधी विषाणूशिवाय, नुसत्या पाण्याने, सगळे टप्पे करायचे. मग अनुभवी माणूस काम करताना बघायचं, मग त्याच्या नजरेखाली आपण करायचं. आत एकटं जायचं नाही. कपडे चढवण्याला लोक घाबरतात, पण धोका उतरवण्यात असतो, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि 'झालं एकदाचं' असं मनात आलेलं असतं. तुमची हळद इथे कामाला येते.

बीएसएल-४ मध्ये अंगभर फुगलेला सूट असतो, त्यात छताला लटकलेल्या नळीतून हवा भरत राहते. आत हवेचा एवढा आवाज की बोलणं अवघड. बरंचसं काम खुणांनी चालतं. जाण्याआधी सूट फुगवून कुठे भोक आहे का ते बघायचं. बाहेर येताना सूटसकट रसायनांचा शॉवर, मग सूट काढून साध्या पाण्याची आंघोळ. पाणी पिता येत नाही, स्वच्छतागृहाला जाता येत नाही, नाक खाजवता येत नाही, म्हणून एका वेळी दोन-चार तासांपेक्षा जास्त काम करू नये. चष्मा घामाने घसरतो. मागे पट्टा लावा. बंद जागेत जीव घाबरा होत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. माझ्या ओळखीतल्या एका अतिशय हुशार मुलीला सूटमध्ये श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. तिने स्पष्ट सांगितलं, आणि ती आज बाहेर बसून त्याच विषाणूंचे जनुकीय क्रम वाचते. पाळीचे दिवस, गरोदरपण, साधी सर्दी, घरातलं भांडण: आत जाऊ नये असं वाटण्याचं कुठलंही कारण पुरेसं आहे. ते सोबत्याला सांगायला संकोच करू नका.

आतले फोटो, फ्रीजर कुठे आहे, कुणाकडे किल्ली असते, यांतलं काहीही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. मित्रांनी आग्रह केला तरी.

आठवी पायरी: रानात उतरा

माझ्या मते या व्यवसायाचा गाभा इथे आहे. १९५७ साली कर्नाटकात शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आजूबाजूची माणसं तापाने फणफणली. पुण्याहून गेलेल्या शास्त्रज्ञांना आधी धास्ती होती ती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, तो आशियात आला की काय म्हणून. निघाला नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. क्यासनूर जंगलरोग हे नाव पुस्तकातलं, आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. त्या शोधाची किंमत प्रयोगशाळेतल्या अनेक कर्मचाऱ्यांनी स्वतः तापाने पडून मोजली. तेव्हा आजच्यासारखी बंदिस्त खोली नव्हती. पुढे साठ वर्षांनी तोच ताप गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गात, आला. काजूच्या हंगामात पालापाचोळ्यात वाकून बोंडं गोळा करणारी माणसं आजारी पडली.

आता विचार करा, अशा ठिकाणी तुम्ही नमुने घ्यायला गेलात तर पहिला उपयोग कुणाचा होईल? बागेत काम करणाऱ्या बाईचा, गुराख्याचा, वनरक्षकाचा. माकड कुठे मेलं, किती दिवसांपूर्वी, हे त्यांनाच माहीत असतं. गावात गेल्यावर आधी सरपंच आणि आशाताई. अंगणात बसा, पाणी द्या म्हणा, आपण कुठून आलो आणि रक्त कशासाठी हवंय ते सोप्या मराठीत सांगा. मालवणी किंवा कोकणी येत असेल तर फारच चांगलं. संमतीपत्र वाचून दाखवा. आणि अहवाल आला की परत जाऊन सांगा. रक्त नेऊन परत न आलेले साहेब गाव विसरत नाही, पुढच्या पथकाला दार उघडत नाही.

गोचिड्या गोळा करायला पांढरं फडकं जमिनीवरून ओढत न्यायचं, त्याला त्या चिकटतात. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यात खोचलेली, पायात गमबूट. दर अर्ध्या तासाने एकमेकांचे कपडे तपासायचे. मेलेल्या माकडाला उघड्या हातांनी शिवायचं नाही, आणि वनविभागाच्या माणसाशिवाय त्याच्याजवळ जायचंच नाही. कुठल्याही वन्यप्राण्याच्या नमुन्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते. माणसांच्या नमुन्यांसाठी नीतिमत्ता समितीची, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी वेगळ्या समितीची. या कागदांना सहा-सहा महिने लागतात. हंगाम डिसेंबरात सुरू होणार असेल तर अर्ज मे महिन्यात टाका.

आपल्या आसपास काय दडलंय याची कल्पना यावी म्हणून आणखी तीन नावं. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला चांदीपुरा विषाणू, वाळूमाशीतून पसरणारा. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रात लहान मुलांचे जीव घेतले. महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं, जिथे मार्च २०२० मध्ये घेतलेल्या नमुन्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या. महाराष्ट्रात माणसाला त्याची लागण झाल्याची नोंद त्या संशोधनात नाही, म्हणून वटवाघळं मारत सुटण्याचं काही कारण नाही. आणि पुरंदर तालुक्यातलं बेलसर, जिथे २०२१ च्या जुलैत राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला.

नमुना पुण्याला पाठवताना तीन आवरणं: घट्ट झाकणाची कुपी, तिच्याभोवती शोषक कागद आणि न गळणारा डबा, बाहेर कडक खोकं. आता बीएसएल-३ प्रयोगशाळा बसवलेली गाडीही आहे, २०२२ मध्ये नाशिकला तिचं अनावरण झालं. पण गाडी येईपर्यंत बर्फाच्या पेटीतला बर्फ वितळू न देणं हे तुमचंच काम.

नववी पायरी: पुढची दहा वर्षं

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करायला गेलात तर अटलांटा, गॅल्व्हेस्टन, विनिपेग, हॅम्बुर्ग, लियों, जिलाँग या शहरांत चौथ्या स्तराच्या प्रयोगशाळा आहेत. परत यायचं असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्सची फेलोशिप यांवर लक्ष ठेवा. संशोधनातच राहायला हवं असंही नाही. पुण्यात लसनिर्मितीचा मोठा उद्योग आहे, तिथे गुणवत्ता तपासणीला हात बसलेली माणसं हवीच असतात. मुंबईत हाफकिन संस्था आहे, १८९९ मध्ये प्लेगवरच्या कामासाठी सुरू झालेली.

घरच्यांना काय सांगायचं? खरं ते सांगा. जोडीदाराला, सासूबाईंना एकदा तुमचे नियम समजावून द्या: ताप आला तर आधी प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना फोन, कामाचे कपडे घरी येत नाहीत, साथ आली की महिनाभर घर दिसणार नाही. २०१८ मध्ये कोझिकोडमध्ये निपाहच्या रुग्णाची सेवा करताना लिनी ही परिचारिका गेली; २०११ मध्ये गुजरातेत क्रायमिन-काँगो तापाच्या रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका गेले. प्रयोगशाळेत आम्हाला कॅबिनेट असतं, हेपा असतो, सूट असतो. वॉर्डमधल्या माणसाकडे बहुतेक वेळा काय आजार आहे याची माहितीही नसते. आपला अहवाल एक दिवस लवकर गेला तर तिथल्या कुणाला तरी वेळेत मास्क मिळतो. रात्री कंटाळा येतो तेव्हा मी हे आठवते.

या आठवड्यात करायचं काम

जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात व्हीआरडीएल आहे का ते शोधा आणि तिथल्या प्रमुखांना ई-मेल लिहा. सहा ओळी पुरेत: तुम्ही कोण, काय शिकता, त्यांचा कोणता निबंध वाचला आणि त्यात काय कळलं नाही, किती आठवडे येऊ शकता. 'आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची मनापासून इच्छा आहे' यासारखी वाक्यं सगळेच लिहितात. न कळलेला प्रश्न फार थोडे लिहितात आणि त्यालाच उत्तर येतं. पंधरा दिवसांत आलं नाही तर एकदा आठवण करा. बोलावलं तर स्वतःची वही घेऊन जा, केस बांधून, नखं कापून, आणि पायात बंद बूट. उघड्या चपला असतील तर दारातूनच परत पाठवतील.